लुगड्याची शेवटची वीत

"जेवलात का?" हा प्रश्न तुम्ही दिवसातून किती जणांना विचारता? आणि त्या जेवणाचं पुढे काय झालं, ते त्रास न देता बाहेर पडलं का, हे घरातल्या एका तरी वडीलधाऱ्या माणसाला शेवटचं कधी विचारलंत? उत्तर द्यायची घाई करू नका. मला स्वतःला ते द्यायला सहा आठवडे लागले, आणि ते "कधीच नाही" असं आहे.

सुखदेवमामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी मानोऱ्याजवळच्या एका तांड्यावर होते. बायकांची बैठक चालू होती. विषय होता संडासाचा. संडास आहेत पण पाणी नाही, मग अंधार पडेपर्यंत थांबायचं, दिवसभर पोट आवळून धरायचं आणि त्यापायी जेवणच कमी करायचं… मी तावातावाने बोलत होते. शरीराची गरज ही लाजेची गोष्ट नाही, असं एक वाक्य मी बहुतेक तेव्हाच म्हटलं होतं. पलीकडून मामी म्हणाली, "मामा गेले व माय. ये तू. घाई नोको करू, आता कायची घाई." आवाजात रडणं नव्हतं. आठ महिने जागलेल्या माणसाचा आवाज होता तो. मी जीपने मानोऱ्याला आले, तिथून वाशीम, वाशीमहून रिसोडची गाडी. दोन्ही बाजूंना सोयाबीन सोंगणीला आलेलं, पिवळं पडलेलं. शेजारच्या बाईने माझ्याकडे पाहिलं आणि पिशवीतली भाकरी काढत विचारलं, "जेवली काय, पोरी?" मी मान हलवली. तिने तरी अर्धी भाकरी हातावर ठेवलीच. रिठदला उतरेपर्यंत ती तशीच हातात होती.

मामा म्हणजे माझ्या आईचे थोरले भाऊ. घर रिठदला, नोकरी रिसोडच्या एका शाळेत. प्रयोगशाळेचे परिचर होते ते. काचेच्या नळ्या धुवायच्या, सर मागतील ते टेबलावर मांडायचं, तास संपला की सगळं कपाटात ठेवून किल्ली खिशात घालायची, एवढंच त्यांचं काम. शिकवणं हे त्यांचं काम नव्हतं. पण रिसोड तालुक्यात आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या कुणालाही विचारा, माणसाचं पोट आतून कसं असतं हे त्याला कुणी शिकवलं. तो सरांचं नाव सांगणार नाही.

त्याचं कारण एक फुटकी मूर्ती. शाळेत प्लास्टरचा एक धडापुरता माणूस होता, छातीपोटाचं झाकण उघडलं की आतले अवयव सुटे काढता यायचे. त्याची आतडी कधीतरी हातातून पडून फुटली आणि नवी काही आली नाहीत. सर पोकळ पोटाकडे बोट दाखवून म्हणायचे, "इथे आतडं आहे असं समजा." मामांना ते 'समजा' सहन होत नसे. "जे आपल्या सर्व्यायच्या पोटात हाये, ते समजाचं कायले? दाखवा ना," असं ते घरी येऊन मामीला म्हणायचे, जणू मामीनेच ते फोडलं होतं.

मग आजी वारली. तिच्या मागे राहिलेल्या लुगड्यांतलं एक अंजिरी रंगाचं लुगडं मामांनी मागून घेतलं. नऊ वार, म्हणजे सव्वाआठ मीटर. पुस्तकात माणसाच्या अन्ननलिकेची, म्हणजे तोंडापासून पार शेवटापर्यंतच्या नळीची, लांबी नऊ मीटरच्या आसपास दिलेली. मामांनी अंगणात लुगडं पसरून मोजलं आणि खूश होऊन म्हणाले, "मायचं लुगडं न माणसाचं पोट, जवळपास सारखंच. जे कमी पडते ते तोंडात धरा." लांबी तशीच ठेवून त्यांनी लुगड्याची एक उभी पट्टी फाडली आणि तिची नळी शिवली. उरलेल्या रुंदीची मामीने गोधडी केली. घशापासून खाली वीतभर आणि चार बोटं ती ग्रासिका. मग जठर, त्याची वाकडी पिशवी, आतून चुण्या घातलेली, म्हणजे जेवण आलं की चुण्या उलगडतात आणि पिशवी फुगते. मग सहा मीटर लहान आतडं. त्याच्या आत त्यांनी जुना टर्किश टॉवेल फाडून अस्तर लावलं होतं, कारण आपल्या आतड्याला आतून तशीच बारीक लव असते आणि अन्नातला रस तीच शोषून घेते. ते अस्तर बोटाने चाचपायला मिळावं म्हणून एका जागी त्यांनी बटणपट्टी ठेवली होती. मग दीड मीटर मोठं आतडं, तीन बोटं रुंद, सुरुवातीला करंगळीएवढं आंत्रपुच्छ लोंबकळणारं. आणि शेवटची वीत, ती मलाशय आणि गुदद्वार. तिथे त्यांनी पायजम्याला असते तशी नाडी ओवली होती, आवळता आणि सोडता येणारी. प्रत्येक भागावर धोब्याच्या शाईने नाव. अक्षर गोल, सावकाश.

वर्गात ते लुगडं यायचं तेव्हा सर खुर्चीत बसून पेपर वाचायचे. मामा वीस पोरापोरींना एका रांगेत उभं करायचे आणि लुगडं त्यांच्या हातात द्यायचे. पहिल्याच्या हाताने नळीत एक पुरचुंडी जायची, आत सोयाबीनचे दाणे बांधलेले. तो घास. मग प्रत्येकाने मागून दाबायचं, पुढच्याने सैल सोडायचं. घास पडत नाही, तो ढकलला जातो, हे आम्हाला हातांनी कळलं. "उलटं टांगलं तरी घास पोटातच जाईन. पण कोणी घरी करून पाहू नोका, मायबाप माह्याकडं येतीन." मध्ये मध्ये ते वेळापत्रक सांगायचे. "घशातून उतराले दहा सेकंद. हे जठर म्हंजे रिसोडचं स्टँड, इथं गाडी तीन-चार तास उभी राह्यते, ड्रायव्हर चहा पेते, कंडक्टर झोपते. लहान आतडं म्हंजे गावोगाव थांबणारी गाडी, सारे पाशिंजर इथंच उतरतात. मोठं आतडं तं कच्चा रस्ता. घाई केली तं पाणी राह्यते, उशीर केला तं दगड होते."

आणि शेवटच्या वितीच्या आधी ते थांबायचे. मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवायचे. "आता जो शब्द येईन त्याच्यावर तुमाले हसू येईन. हसाचं असन तं आताच हसून घ्या. दोन मिनिटं देतो." वर्ग फुटायचा. पोरं बाकावर डोकं आपटून हसायची, पोरी ओढणीत. मामा घड्याळाकडे बघत शांत उभे. दोन मिनिटं फार असतात, कधी मोजून पाहा. एका मिनिटानंतर हसू संपतं, मग नुसतं बसून राहावं लागतं. "झालं? आता शिका," मामा म्हणायचे, आणि त्या शेवटच्या वितीबद्दल ते जठराएवढाच वेळ बोलायचे. तिथे रक्त का येतं, मूळव्याध म्हणजे काय, आणि मूळव्याधीसारखंच दिसणारं पण मूळव्याध नसलेलं काय असतं.

आठवीत असताना त्या रांगेत शेवटी मी उभी होते. नाडी माझ्या हातात होती. कुणी तिथे उभं राहायला तयार नव्हतं, म्हणून मामांनी भाचीला उभं केलं. मी कुरकुरले तर म्हणाले, "शेवट नसन तं सुरुवात सडते, पोरी." मी नाडी सोडली, पुरचुंडी माझ्या ओंजळीत पडली. सगळ्या वर्गाने टाळ्या वाजवल्या होत्या.

आमच्या घरात पुस्तकं कमी आणि पत्रकं फार. माझे वडील चळवळीतले, खांद्याला झोळी. सभा असो, मोर्चा असो, की कुणाच्या लग्नातलं भाषण, त्यांच्या झोळीत एक पान असायचंच. मी अक्षरं शिकले ती त्या पानांवर. त्यामुळे मला वाक्यं येतात ती तशीच येतात, उभी राहून बोलणारी. कॉलेजात मी स्वतःची पत्रकं काढू लागले. पहिलं पाळीवर. ते वाटल्याबद्दल गावातल्या चार जाणत्यांनी वडिलांना बोलावून घेतलं होतं, आणि मी त्यांच्यासमोरच ते मोठ्याने वाचून दाखवलं होतं. मामा माझं प्रत्येक पत्रक जपून ठेवायचे आणि प्रत्येकात एक चूक काढायचे. घरात पाऊल टाकलं की, "आली काय पत्रकवाली? या पानावर तुवं यकृत डाव्या बाजूले गेलं. रागाच्या भरात माणसाचे अवयव नोको हालवत जाऊ." मी रागावले की मामी मध्ये पडायची, "जेवू द्या तिले आधी. मंग काढा तिचं यकृत."

आता ती तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. ती सांगण्यासाठीच हा लेख लिहायला बसले, आणि तीच पुढे ढकलत इथवर आले. मामा निवृत्त झाले होते. शाळेने लुगडं ठेवून घ्यायची काही हौस दाखवली नाही, म्हणून ते घरी आलं होतं. चौदा एप्रिलच्या जयंतीला विहाराशेजारच्या मंडपात या वेळी नुसती भाषणं नको, आरोग्याचा एक कोपरा ठेवू, असं मीच ठरवलं. मामांना लुगडं मांडायला सांगितलं, आणि त्याबरोबर वाटायला एका पानाचं पत्रक. मजकूर त्यांचा, छपाई माझी. आदल्या दिवशी संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले. अंगणात लुगडं दोरीवर वाळत टाकल्यासारखं टांगलं होतं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मी चालत चालत शेवटाला आले आणि नाडीपाशी थांबले.

"मामा, हे शेवटचं कापून टाका ना."

"काहून?"

"उद्या फोटोसमोर… लोक पांढरे कपडे घालून येतीन. बाहेरचेही येतीन. हसतीन."

"हसू दे. दोन मिनिटं देऊ."

"शाळा वेगळी न मंडप वेगळा, मामा."

ते माझ्याकडे बघत राहिले. "तू म्हनतं हे?" एवढंच बोलले. मी होय म्हटलं. माझ्याकडे कारण होतं, आणि ते लेचंपेचं नव्हतं. ज्या माणसांना पिढ्यान् पिढ्या दुसऱ्यांच्या घाणीशी जोडून ओळखलं गेलं, त्यांच्या सर्वांत स्वच्छ दिवशी त्यांच्याच मंडपात तो शब्द मला नको होता. उद्या बाजारात कुणी दात काढून म्हणायला नको, की बघा, यांच्या जयंतीत काय टांगून ठेवतात. मी हे सगळं मामांना पटवून सांगितलं. मला पटवून सांगता येतं, तेच तर शिकले आहे. पाळीवर जाणत्यांसमोर वाचणारी मी, त्या अंगणात वीतभर कापडाला घाबरले आणि त्या भीतीला स्वाभिमान असं नाव दिलं.

मामांनी मामीकडे सुई मागितली. "कापत नाई. कापलं तं मंग जोडाले जड जाते. दुमडतो." शेवटची वीत त्यांनी आत दुमडली आणि पांढऱ्या दोऱ्याने टाके घातले. मामी उंबरठ्यावरून बघत होती. म्हणाली, "मामाभाचीनं मिळून माणसाचं पोट शिवून टाकलं. आता त्याले जेवाले नोका घालू." आम्ही तिघंही हसलो. खरंच हसलो.

पत्रकातही तेच झालं. मामांनी दिलेल्या मजकुरात शेवटी एक परिच्छेद होता. पान भरलं होतं आणि कार्यकारिणीची नावं राहिली होती. मी तो परिच्छेद काढला आणि त्या जागी नावं बसवली, त्यात माझंही. छापून आल्यावर मामांनी पान हातात घेतलं, वाचलं, शेवटाशी जरा थांबले, आणि चौघडी घालून खिशात ठेवलं. "छपाई साफ हाये," म्हणाले. दुसऱ्या दिवशी मंडपात लुगडं फार गाजलं. कुणी हसलं नाही. हसण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

त्यानंतर मामा हळूहळू बदलत गेले आणि मी ते बघत गेले. बघणं आणि दिसणं यांत फरक असतो म्हणतात, पण ती पळवाट आहे. मला दिसत होतं. विहारातल्या बैठकीत ते मागे उभे राहू लागले. मी एकदा म्हटलं, "मामा, खुर्ची खाली हाये, बसा ना." तर म्हणाले, "उभ्यानं नीट ऐकू येते." मी ते वाक्य पुढे दोन सभांमध्ये विनोद म्हणून वापरलं. माझ्याकडे वाशीमला यायचं टाळू लागले, गाडीत फार वेळ बसवत नाही म्हणायचे. घरी आजीच्या लुगड्याची ती गोधडी चौपदरी करून तिच्यावर बसायचे. ताटाशेजारी इसबगोलाचा डबा आला. शर्टाची कॉलर गळ्याभोवती सैल झाली. मी विचारलं तर, "मूळव्याध हाये जराशी. या वयात राह्यतेच." ज्या माणसाने आमच्या अख्ख्या वर्गाला मूळव्याध कशी असते आणि कशी नसते हे सांगितलं होतं, तो हे म्हणत होता. आणि मी, त्या वर्गात शेवटी उभी असलेली, बरं म्हणून पुढच्या कामाला लागले. कामं भरपूर होती. लोकांच्या हक्काची होती.

या वर्षाच्या सुरुवातीला पोट फुगून उलट्या सुरू झाल्या, तेव्हा अकोल्याला नेलं. मलाशयाचा कर्करोग. गाठीने रस्ता बंद केला होता आणि रोग यकृतापर्यंत पोचला होता. तिथल्या डॉक्टरबाई तरुण होत्या, थकलेल्या होत्या. त्या म्हणाल्या, ही गाठ दोन-अडीच वर्षं तरी वाढत असणार, आणि इतकी खाली आहे की नुसत्या बोटाने तपासलं असतं तरी हाताला लागली असती. "एका बोटाचं काम होतं हो," त्या म्हणाल्या, आणि पुढच्या खाटेकडे गेल्या. त्यांना माझ्यावर काही टाकायचं नव्हतं. पण तेव्हापासून मी माझ्या उजव्या हाताच्या बोटाकडे बघते, ज्याने मी तो परिच्छेद काढला होता.

रस्ता बंद म्हणून पोटावर वाट काढून पिशवी लावली. वॉर्डात तशा पिशव्यांची आणखी तीन-चार माणसं होती. कुणी चादरीत तोंड घालून पडलेलं, कुणी बायकोलाही जवळ येऊ देत नव्हतं. मी एका दुपारी गेले तर मामा खाटेवर टेकून बसले होते, पांघरूण बाजूला केलेलं, आणि शेजारच्या कारंज्याच्या गृहस्थांना सांगत होते, "गाडी शेवटच्या थांब्याच्या अल्याड अडकली, म्हून इथंच स्टँड करून देलं. आवाज येते तिचा, येऊ द्या. हसाचं असन तं हसून घ्या, दोन मिनिटं देतो." त्यांच्या हातात घड्याळ नव्हतं, ते मनगटावरून निसटत होतं म्हणून मामीच्या पर्समध्ये होतं. तरी ते मोजल्यासारखे थांबले. ते गृहस्थ आधी रडले, मग हसले. पिशवी कशी धुवायची हे मामांनी त्यांना शिकवलं. तो त्यांचा शेवटचा वर्ग.

त्या दिवशी निघताना मी विचारलं. आधी विचारायला हवं होतं, ते नाही. जे आता विचारून काही उपयोग नव्हता, ते. "मामा, पत्रकातला तो शेवटचा परिच्छेद… तो तुमी कोणासाठी लिहिला होता? तेव्हाच तुमाले…" मामांनी उशी सारखी केली. "पत्रक कोणासाठी राह्यते, पोरी? ज्याच्या हाती पडन त्याच्यासाठी." मग डोळे मिटून म्हणाले, "जेवून जा. खाली चांगली मिळते पोळीभाजी."

मामा गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाचा दिवस संपला, माणसं गेली, भांडी घासून झाली, तेव्हा मामीने आपणहून सांगितलं. दोन वर्षांपूर्वी ती त्यांना रिसोडला एका दवाखान्यात घेऊन गेली होती. डॉक्टर म्हणाले, आत चला, झोपा, तपासून घेतो. मामा आत गेले आणि लगेच शर्ट सारखा करत बाहेर आले. "चाल, कायी नाई, मलम देलं." खरं काय ते त्यांनी तिला नंतर सांगितलं: तपासणीच्या खोलीत हातमोजे घेऊन उभा असलेला माणूस त्यांचा विद्यार्थी होता. त्याने वाकून पायांना हात लावला आणि म्हणाला, मामा, तुमचं लुगडं अजून याद हाये. "कोठी जाव मंग?" मामी म्हणाली. "रिसोडात ज्या दवाखान्यात जाव तिथं याहीचाच कोणीतरी उभा. साऱ्या तालुक्याले यायनं पोट शिकवलं न सोताचं दाखवाले जागा नाई राह्यली."

मी तिला अंगणातली गोष्ट काढून म्हटलं, की मामी, लाज त्यांना नव्हती, ती मी शिकवली. त्या टाक्याने. मामी माझ्याकडे बघत राहिली, अगदी मामा बघायचे तशी. "तुह्या टाक्यानं कोणी मरत नाई व माय. येवढी मोठी नोको होऊ. माणूस हट्टी व्हता. मी बायको असून मले काय कमी लाज? कपडे मीच धुत व्हती ना त्याचे. मले दिसत नव्हतं काय?" मग ती उठली आणि पाणी प्यायला आत गेली. बराच वेळ आली नाही. तिचे ते शब्द मी घरी येऊन लिहून ठेवले. ती मला माफ करत होती, की स्वतःला माझ्या शेजारी आणून बसवत होती… कळत नाही. आम्ही दोघींनी एकाच माणसाला रोज विचारलं, जेवलात का.

लुगडं आता माझ्याकडे आहे. मामीनेच दिलं, "मले ते पाह्यवत नाई," म्हणून. परवा मी ते खोलीभर पसरलं. अंजिरी रंग शेकडो हातांनी पुसट झालाय, टॉवेलच्या अस्तराची लव बटणपट्टीपाशी झिजून गुळगुळीत झालीय. शेवटाला आले. ब्लेड घेऊनच बसले होते, पण ब्लेड लागलं नाही. टाके कच्चे होते. शिंपी पक्क्या शिलाईच्या आधी घालतो तसे, चार-चार बोटं लांब, टोकाला गाठसुद्धा नाही. एक टोक धरून ओढलं आणि सगळा दोरा एका झटक्यात हातात आला. वीत उलगडली. नाडी अजून शाबूत होती. धोब्याच्या शाईतलं ते गोल, सावकाश अक्षरही. तीन वर्षं तो दोरा असाच होता, कुणीही ओढावा असा.

मामांचा परिच्छेद खाली देते आहे. त्यांच्या वहीतून, एकही शब्द न काढता. त्या वेळी जागा नव्हती, आता आहे.

"शेवटच्या वीतभर भागात दुखलं, संडासवाटे रक्त दिसलं, रोजची सवय बदलून तशीच राहिली, किंवा कारण नसताना वजन उतरलं, तर मूळव्याध असेल असं धरून घरी बसू नये. मूळव्याध आहे की नाही हे आपण ठरवायचं नसतं. डॉक्टरला दाखवावं, आणि त्याने तपासतो म्हटलं तर तपासू द्यावं. लाज वाटेल. लाज वाटली तरी चालते, उठून यायचं नाही."

एवढं वाचलंत, आता एक काम करा. घरात जे कुणी हल्ली उभ्याने ऐकतं, प्रवास टाळतं, ताटात अर्धं ठेवतं, त्यांच्याजवळ आज जेवण झाल्यावर जाऊन बसा. जेवलात का, हे विचारू नका. रक्त जातं का, असं सरळ शब्दांत विचारा. ते हसतील, विषय बदलतील, काहीतरीच काय हे म्हणतील. हसू द्या. घड्याळ काढून समोर ठेवा, दोन मिनिटं द्या. मग पुन्हा विचारा.